कांदा, शाई आणि बंदोबस्त

वरवे बुद्रुकसारख्या गावात सभेत कोण उठून प्रश्न विचारणार, हे पोलिसांच्या आधी पोलीस पाटलांना ठाऊक असतं. मग सोपा बंदोबस्त एकच: त्याच्या हाती आदल्या दिवशीच नोटीस ठेवा. सभा सुरळीत, वक्ता खूश, प्रश्न घरी.

तरी कुणीतरी सुटतंच. 15 मे 2024 रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत एक तरुण ओरडला, ‘कांद्यावर बोला!’ कांद्याच्या बाजारपेठेत कांद्याचं नाव काढायचं? केवढा हा उपद्रव! पोलिसांनी त्याला बाजूला नेलं. कांदा तिथंच राहिला.

खाकीचीही पंचाईत आहेच. 10 डिसेंबर 2022ला चिंचवडमध्ये मंत्री चंद्रकांत पाटलांवर शाई फेकली गेली आणि निलंबित झाले बंदोबस्तावरचे पोलीस. शाई फेकणं गुन्हाच. पण त्या धास्तीत शाई आणि सवाल एकाच पिंजऱ्यात बसू लागले.

गंमत म्हणजे कायदा पुढाऱ्यांपेक्षा सभ्य आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127नुसार निवडणूक सभेत कुणी गोंधळ घातला, तर अध्यक्षांच्या विनंतीवरून पोलीस त्याला नाव-पत्ता विचारू शकतात. तो दिला नाही किंवा खोटा वाटला, तर विनावॉरंट अटक करू शकतात. गावात तर तेवढंही विचारायला नको.

तेव्हा हात चालवणाऱ्याला खुशाल उचला, नुसतं तोंड चालवणाऱ्याला माईक द्या. त्याला उत्तर देणं पोलिसांचं काम नाही. व्यासपीठावर हार घालून बसलेल्यांचं आहे.