पीएनआर

आमच्या सोसायटीत त्याला सगळे 'पीएनआर' म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचतो फक्त कुरियरवाला. वय पंचेचाळीस, मुक्काम डोंबिवली पूर्व, नोकरी फोर्टात. जगात त्याला दोनच गोष्टी मनापासून आवडतात : बायको आणि रेल्वेचं वेळापत्रक. क्रम मी वहिनींकडे बघून लावलाय.

असा एखादा तुमच्याही बिल्डिंगमध्ये असणारच. लोकलच्या गर्दीत, मुलांच्या परीक्षांत आणि नातेवाइकांच्या लग्नांत पिचलेल्या जोडप्याला कधीतरी वाटतं, दोन दिवस कुठेतरी जाऊ, फक्त आपण दोघं. साधी माणसं अशा वेळी बॅग भरतात. हा एक्सेल उघडतो. पहिल्या रकान्यात गाडी, दुसऱ्यात फलाट, तिसऱ्यात 'पर्यायी गाडी', चौथ्यात 'पर्यायी गाडी चुकल्यास'. वेळा सगळ्या चोवीस तासांच्या घड्याळाने. मागे एकदा शीटवर मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय : '१७.३० ते १८.१५, सूर्यास्त पाहणे (निवांत).' तो निवांतपणा पाऊण तासात उरकायचा होता, कारण १८.२० ला चहा होता.

लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात. त्याचा अभ्यास गणपती उठले की सुरू होतो. पूर्वी तर भर श्रावणात सुरू व्हायचा, कारण तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने ही मुदत ६० दिवसांवर आणली, तेव्हा पीएनआरच्या घरी सुतक असल्यासारखं वातावरण होतं. "निम्मं सुख काढून घेतलं रे," तो लिफ्टमध्ये मला म्हणाला. पुढे आवाज उतरवून, "आणि साठ दिवसांत प्रवासाचा दिवस धरायचा नसतो, हे लोकांना माहीतच नसतं." ही एवढी एक गोष्ट लोकांपेक्षा आपल्याला जास्त कळते, या विचाराने त्याला दुसऱ्या मजल्यापर्यंत जरा बरं वाटलं.

बुकिंग सकाळी आठला उघडतं. पावणेआठला घरातलं वायफाय बाकी सगळ्यांना बंद. लॅपटॉपवर हा, आणि ओटीपी येणारा फोन वहिनींच्या हातात.

"आला?"

"नाही."

"आता?"

"नाही हो."

"आता बघ!"

या संसारात एकमेकांच्या डोळ्यांत इतक्या आर्ततेने बघणं वर्षातून एकदाच होतं, आणि ते या दहा मिनिटांत.

दोन वर्षांपूर्वी गोव्याचा बेत होता. कोकणकन्या, थ्री एसी. एवढ्या तयारीनंतरही तिकीट मिळालं ते आरएसी. आता आरएसी म्हणजे काय, तर दोघांना मिळून एक साइड लोअर. बाजूला खिडकी, पुढे पडदा नाही हे खरं, पण समोरासमोर पाय पसरून रात्रभर गप्पा मारत जायची सोय. माझ्या मते भारतीय रेल्वेने जोडप्यांसाठी केलेली ही सर्वात रसिक व्यवस्था आहे. वहिनी खूश होत्या. त्यांनी थर्मास काढून ठेवला होता. पण पीएनआरला आरएसी म्हणजे घराण्याला बट्टा. आठवडाभर तो दर दोन तासांनी स्टेटस बघत होता. शेवटी चार्ट लागला आणि हा पेढे वाटल्याच्या थाटात ओरडला, "कन्फर्म! दोन्ही कन्फर्म!"

हा बी-वनमध्ये, वहिनी बी-चारमध्ये.

"टीसीला विचारून बदलून घ्यायचं ना," मी नंतर म्हणालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला देवळातली घंटा चोरायला सुचवलंय. चार्टवर जे लागलं ते लागलं. रात्रभर दोघं आपापल्या बर्थवरून एकमेकांना मेसेज करत होते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. त्याने पहाटे तिला उठवून कळवलं : 'करबुडे आला. बघ.' पहाटेच्या अंधारात, बंद काचेतून, बोगदा. वहिनींनी बघितला. रेंज नसल्यामुळे 'बघितला' हा मेसेज मात्र रत्नागिरीला पोचला.

गेल्या डिसेंबरात वहिनींनीच ठरवलं, लांब नको, माथेरानला जाऊ. जवळ आहे, मोटारी नाहीत, लाल मातीच्या वाटांवर नुसतं चालायचं. पीएनआर 'हो' म्हणाला खरा, पण चेहरा उतरला. माथेरानच्या छोट्या गाडीचं तिकीट आधी काढून ठेवता येत नाही. नेरळला जायचं, रांगेत उभं राहायचं आणि खिडकी उघडली की मिळेल ते घ्यायचं. नियोजनावर जगणाऱ्या माणसाला हे म्हणजे कपडे काढून चौकात उभं करण्यासारखं. शिवाय रविवारी मेगाब्लॉक. मग त्याने वाढदिवसच गुरुवारी साजरा करायचं ठरवलं. रोमान्सला मेगाब्लॉक आडवा येत असेल तर रोमान्सचा वार बदलायचा, हा त्याचा नियम.

पहाटेच्या कर्जत लोकलने दोघं नेरळला उतरले. कुठल्या डब्यात बसलं की जिना समोर येतो हे ठरलेलं होतंच, त्यामुळे रांगेत यांचा नंबर पहिला. खिडकी उघडेपर्यंत त्याने वहिनींना सांगितलं की ही रेल्वे आदमजी पीरभॉय घराण्यातल्या अब्दुल हुसेन यांनी बांधली, १९०७ साली ती सुरू झाली, रूळ दोन फुटी आहेत आणि वळणं इतकी अवघड की डबे मुद्दाम लहान ठेवलेत. वहिनींनी नवी साडी नेसली होती. तिचा रंग कोणता, हे मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "गाडीत जाणवला नाही."

या वाटेवर एकच बोगदा आहे आणि तो चिमुकला आहे. त्याचं नाव 'वन किस टनल'. एका चुंबनापुरताच अंधार, म्हणून. हे नाव शीटमध्ये होतं, ठळक अक्षरांत, शेजारी अंदाजे वेळही होती. म्हणजे बघा, माणूस अरसिक नाही. त्याने सगळं जुळवून आणलं होतं. फक्त 'दोघांनाही खिडकी मिळाली पाहिजे' या तत्त्वापायी वहिनी डाव्या खिडकीत आणि हा उजव्या खिडकीत, आणि मध्ये नालासोपाऱ्याचं एक कुटुंब, त्यांचा ढोकळा आणि एक रडणारं मूल.

बोगदा आला. अंधार झाला. उजेड झाला.

"सात मिनिटं लेट," पीएनआर पलीकडून म्हणाला.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी ढोकळा घेतला. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्य मावळताना मात्र त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, साडेसहा किलोमीटरचा बोगदा होता तेव्हा तुम्ही तीन डबे पलीकडे होतात. हा एवढासा होता तेव्हा तीन माणसं पलीकडे. सुधारणा आहे."

एवढं ऐकून दुसरा कोणी खजील झाला असता. पीएनआरने ते सूचना म्हणून टिपून घेतलं. परवा रात्री तो शीट घेऊन माझ्याकडे आला. या वर्षी पुन्हा गोवा, पुन्हा कोकणकन्या, पण या वेळी प्रायव्हसीत कसर ठेवायची नाही. एका तिकिटावर सहा जण चालतात. सहा जणांचं एकदम काढलं की समोरासमोरचे सहाच्या सहा बर्थ आपले, तिऱ्हाईत माणूस मध्ये बसूच शकत नाही.

"म्हणून तुम्ही दोघं चला," तो म्हणाला. "आणि तिसऱ्या मजल्यावरचे दोघं. त्यांना विचारून झालंय."

"आणि साइडचे दोन?"

"ते वेगळं तिकीट. आई आणि सासूबाई. ज्येष्ठांना लोअर बर्थचा कोटा असतो. तो वाया का घालवायचा?"

आत वहिनी माझ्या बायकोशी बोलत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "अहो, त्या गाडीचं आरएसी अजून मिळतंय का बघा ना. एकच पुरे. मी एकटी जाते."

पीएनआरने खिशातून पेन काढलं आणि शीटवर नवा रकाना आखायला घेतला.