प्रात्यक्षिकाचे तीस

दहावीचा निकाल लागला की विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर विज्ञानाला बहर येतो. जेईई, नीट, सीईटी! खांबाखांबावर मागच्या वर्षीच्या हुशार मुलांचे चेहरे. सगळ्यात जोरात चालतं ते 'इंटिग्रेटेड'. म्हणजे नाव कॉलेजात, देह क्लासात.

तशी राज्य मंडळाच्या यादीत अकरावी-बारावीला भूशास्त्र आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे. पण मुलाने भूशास्त्र म्हटलं की घरात आधी शांतता पसरते, मग मामांना फोन जातो. "स्कोप काय त्याला?" शेवटी उरतात दोनच जाती, पीसीएम आणि पीसीबी.

वर्गात कुणी दिसेना म्हणून सरकारने २०१८ साली विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. मूल नाही तर निदान त्याचा अंगठा तरी यावा! प्रयोगशाळेचीही तीच गत. भौतिक, रसायन, जीवशास्त्राला लेखीचे ७० गुण, प्रात्यक्षिकाचे ३०. हे तीस बहुतेक ठिकाणी प्रसादासारखे वाटले जातात, हात पुढे केला की झालं.

आणि खरी प्रयोगशाळा बाजूलाच वाहते आहे. वालधुनी नदी. अंबरनाथ-उल्हासनगरचं सांडपाणी पोटात घेऊन कल्याणकडे निघालेली. २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसं रुग्णालयात पोहोचली. आम्ल, अल्कली, विरघळलेला प्राणवायू (असलाच तर), सगळं फुकट, अनामत रक्कमही नाही.

तेव्हा प्राचार्यांना विनंती, तिसांतले पाच गुण तरी लिटमस घेऊन वालधुनीपर्यंत जाऊन आलेल्यालाच द्या. नाक धरायची मुभा असावी.