निळी रेघ

आमच्या ह्यांनी आयुष्यात झुरळावरसुद्धा चप्पल उगारलेली नाही. झुरळ दिसलं की ते मला हाक मारतात. तरीही पानिपतच्या आमच्या गल्लीत ते बायकोला बडवणारे म्हणून ओळखले जातात. कारण एकच, माझ्या डाव्या डोळ्याखालून कानशिलाकडे गेलेली निळी शीर.

शीर जुनीच आहे, आईलाही होती. पण चाळिशी उलटली, अंगाची चरबी नको तिथे गेली आणि हवी तिथून उतरली, तशी ही बया वर आली. डोळ्याखालची कातडी मुळातच अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाड. आतलं रक्त लालच असतं, कातडीतून जाणाऱ्या-येणाऱ्या उजेडाच्या खेळामुळे शीर निळी दिसते. हे मी दूधवाल्याला कसं सांगणार? तो माझ्याकडे बघतो, मग आत पेपर वाचणाऱ्या ह्यांच्याकडे बघतो आणि पाव लिटर दूध जास्त ओततो.

इचलकरंजीत कुणाला काही वाटत नव्हतं. तिथे सगळ्यांनी मला शिरेसकट लहानाची मोठी होताना पाहिलं होतं. ह्यांना इथल्या सूतगिरणीत नोकरी लागली तेव्हा आत्याबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "पानपताला जाऊन धड परत कोण आलंय गं?"

एके दिवशी समोरच्या ताऊंनी ह्यांना फाटकात गाठलं. "बेटा, लुगाई पै हाथ ना ठाया करैं." ह्यांचं हिंदी कोल्हापुरी. त्यांना वाटलं, ताऊ लुगड्यांच्या धंद्याबद्दल विचारतायत. "नहीं ताऊजी, हमारे यहाँ सिर्फ ब्लँकेट बनता है," असं सांगून ते आत आले.

लुगाई म्हणजे बायको, हा अर्थ कळल्यावर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट कातडीच्या डॉक्टरकडे.

या गावात जगभरातले टाकून दिलेले लोकरी कपडे गाठोड्यांनी येतात. रंगवार निवडून, फाडून, पिंजून त्यांचं सूत काढतात आणि नवी ब्लँकेटं विणतात. तेव्हा माझंही काहीतरी होईल, अशी आशा होती.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. आधी म्हणाल्या, आँटी, याने काही बिघडत नाही, राहू द्या. ह्यांचा चेहरा बघून पुढचं सांगायला लागल्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे निळ्यावर नारिंगी छटेचा कन्सीलर. तो मी आठवडाभर लावला. शीर झाकली, पण शेजारीण दुसरीला म्हणाली, "इब हल्दी लगाकै छुपावै सै."

मग फिलर. डोळ्याखालच्या खळग्यात हायल्युरॉनिक ॲसिड भरायचं, म्हणजे शीर खाली दडते. पण ते चुकून रोहिणीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. नको बाई, शेजारणी दिसल्या नाहीत तर दिवस कसा जायचा? पायाच्या शिरा इंजेक्शन देऊन बंद करतात, ते मी सुचवलं. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. इथल्या शिरांचा डोळ्यामागच्या शिरांशी संबंध. तिथे ते औषध बहुतेक डॉक्टर टाळतातच. बारीक छेद घेऊन शीर आकड्याने ओढून काढायचीही सोय आहे म्हणे. ते ऐकून हे खुर्चीत बसले. तोवर उभे होते.

उरला लेझर. एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर. आपल्या सावळ्या कातडीतला रंग तो फारसा शोषत नाही, त्यामुळे डाग पडायचा धोका कमी. आतलं रक्त तापतं, शीर आकसते, मग शरीर ती हळूहळू जिरवतं. एकीवाचून रक्ताचं अडत नाही, शेजारच्या शिरा वाहून नेतात. ह्यांनी हे दोनदा विचारून घेतलं. मात्र आधी थेंब टाकून डोळा बधिर करायचा आणि पापणीखाली धातूची वाटी बसवायची. मला मोगलांशी लढलेला हेमू आठवला. याच पानिपतात १५५६च्या ५ नोव्हेंबरला त्याच्या डोळ्यात बाण घुसला आणि जिंकत आलेली लढाई हातची गेली. त्याच्या माहुताकडे अशी वाटी असती तर पुढच्या मोगलांची नावं मला शाळेत पाठ करावी लागली नसती.

लेझर झाला. रबरबँड फटकन बसावा तसे चटके बसले, इतकंच. पण सकाळी उठले तर डोळा पुरीसारखा फुगलेला, खाली लालजांभळा पट्टा. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, उतरेल म्हणून. गल्लीला कुणी बजावलं नव्हतं.

संध्याकाळी ताऊ आले. सोबत आणखी दोन ताऊ. ह्यांना हुक्क्यावर घेऊन गेले. दीड तासाने हे परतले, हातात पचरंगा लोणच्याची बरणी.

"काय म्हणाले?"

"पहिली चूक माफ केलीय."

महिन्याभरात शीर गेली. आता उजव्या डोळ्याखालची तेवढी डोळ्यात भरते. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या सोमवारी बोलावलंय. ह्यांनी आदल्या रविवारचं कोल्हापूरचं तिकीट काढलं, एकट्याचं.

"अहो, मला एकटीला सोडून?"

बॅगेची चेन ओढत म्हणाले, "मल्हारराव होळकर पानपतातनं वेळेवर निघाले, म्हणून वाचले."