समुद्र वगळलात, आता आकाशही वगळा

रा. रा. जॉन स्पिल्सबरी, नकाशे कोरणारे व विकणारे, ड्रुरी लेन, लंडन, यांस मयलापूर, चेन्नईहून सा. न. वि. वि.

आपण १७६९ साली, ऐन तिशीत वारलात, त्यामुळे उत्तराची घाई नाही. तक्रार मात्र नोंदवून घ्यावी.

१७६० च्या दशकात आपण नकाशा महोगनीच्या फळीवर डकवलात आणि देशांच्या हद्दींवरून करवत फिरवलीत. पोरांनी खेळता खेळता भूगोल शिकावा, हा हेतू. राजे तिसरे जॉर्ज यांच्या मुलांनाही लेडी शार्लट फिंचबाईंनी असलेच तुकडे देऊन भूगोल पढवला. आपला तुकडा उचलला की तो कोण ते कळायचं. स्पेन म्हणजे स्पेन.

आमच्याकडे या सुट्टीत तुकड्यातुकड्यांत आलाय तो बव्हेरियातला नॉइश्वानस्टाइनचा राजवाडा. आपण तो पाहिला नसणार, कारण त्याची पायाभरणीच १८६९ ची. राजवाडा मूठभर, खाली जंगल, डोंगरावर बर्फ आणि उरलेलं सगळं आकाश. बाहेर मे महिन्याचं कत्तिरी ऊन, आत आम्ही सहकुटुंब घाम पुसत बर्फ जुळवतोय. खोक्यावर हजार तुकडे म्हटलंय, पण पुष्कळ कंपन्या ३८ बाय २७ असे कापतात, म्हणजे १०२६. वरचे सव्वीस बहुधा आकाशाचेच असावेत.

‘सहकुटुंब’ हा शब्द जपून वाचावा. आपण हद्दींवरून कापलंत. आमच्या घरात कापून झाल्यावर हद्दी पडल्या. बुरूज मुलीचे. जंगल आईचं; ते तिने हिरव्याच्या चार छटा करून स्टीलच्या ताटल्यांत निवडून ठेवलंय आणि ताटल्यांना हात लावायची कोणाची टाप नाही. बाबांकडे कडा होत्या. इथल्या दमट हवेने पुठ्ठा फुगतो, तुकडा नीट बसत नाही; बाबा तो अंगठ्याने बसवतात. बसतोच! शेजारचा वर येतो, एवढंच. आकाश माझ्या वाट्याला आलं.

वरच्या मजल्यावरच्या मामी परवा मोर कुळंबूचं पातेलं घेऊन आल्या. उभ्याउभ्या, चष्म्याशिवाय, त्यांनी आकाशाचे तीन तुकडे लावले आणि पातेलं ठेवून गेल्या. जन्मभर पहाटे उंबऱ्यापुढे ठिपके टाकून त्यांच्याभोवती कोलमची रेघ वळवली आहे त्यांनी. कोणती रेघ कुठून निघून कुठे मिळणार, हे त्या हाताला आधीच ठाऊक. मार्गळी महिन्यात इथल्या वडक्कु माडा वीदीवर कोलमची स्पर्धा भरते, तिथे अशा बायका रांगेने बसतात. त्यांच्यापुढे माझं आकाश म्हणजे दुपारची करमणूक.

बाबांना मदतीला बोलवावं तर ते विल्यम लॅम्ब्टन काढतात. १८०२ साली याच गावात, सेंट थॉमस माउंटपाशी, साखळी टाकून लॅम्ब्टनने सुमारे बारा किलोमीटरची पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजायला घेतला. आपण लंडनला नकाशे कापले, इथे त्याने जोडायला घेतले. वीस वर्षं तो त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकला आणि १८२३ साली हिंगणघाटला वारला. पुढची मोजणी त्याचा मदतनीस एव्हरेस्ट याच्या गळ्यात. बाबा मूळचे हिंगणघाटचे. त्यामुळे “एवढा मोठा माणूससुद्धा आमच्या गावी येईस्तोवर अर्धवटच होता,” हे त्यांचं म्हणणं खोडून काढायची सोय नाही.

तर मुद्दा असा. आपण काही नकाशे समुद्र वगळून स्वस्तात विकत होतात, असं वाचलं. निळ्याचा जाच आपल्याला तेव्हाच उमगला होता तर! हीच सवलत आकाशाला लावावी, आणि चेन्नईत येणाऱ्या खोक्यांतून बर्फही कमी करावा. किंमत तीच ठेवली तरी हरकत नाही.

आईने हे पत्र खांद्यावरून वाचलं. ती म्हणाली, “पाठव. पण आकाश काढलं तर तुला बसायला जागा कुठली द्यायची?”

कळावे, लोभ असावा.

आपला,
निळ्या तुकड्यांचा मामलेदार