निवृत्तीचा आकडा मनासारखा कसा काढावा

हा हिशेब पगार झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत करावा. तेव्हा भविष्याबद्दल माणसाचं मत चांगलं असतं. जोडीदार घरात नसेल अशी वेळ निवडावी, कारण पहिलाच प्रश्न घरखर्चाचा आहे आणि त्याचं खरं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही.

एक्सेलच्या कोऱ्या तक्त्यात वाणसामान, दूध, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाल्या मावशी एवढंच लिहावं. लग्नांचे आहेर, गाडीची सर्व्हिसिंग, गणपती, रूट कॅनल हे एकदाच होणारे खर्च म्हणून वगळावेत. ते दर वर्षी एकदाच होतात.

समजा तुम्ही ३६ वर्षांचे आहात आणि खर्च महिना ४०,००० निघाला. महागाई ६ टक्के धरा. ७२ ला ६ ने भागलं की १२ येतात, म्हणजे १२ वर्षांत खर्च दुप्पट. साठीला २४ वर्षं आहेत, तेव्हा दोनदा दुप्पट: महिना १,६०,०००, वर्षाला १९ लाख २० हजार. (दवाखान्याची महागाई याहून जोरात धावते, पण तिला तक्त्यात घेऊ नये. ती न बोलावताही येते.)

आता याला २५ ने गुणावं. हा २५ चा आकडा विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागाराच्या १९९४ मधल्या अभ्यासातून आला. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्या, पैसे ३० वर्षं पुरतील, असं त्याने दाखवलं. त्याने तपासले होते अमेरिकेतले शेअर आणि रोखे. डोंबिवलीतल्या तुरडाळीचा भाव त्याच्यापुढे नव्हता. तरी आपण २५ च घेतो, कारण पाढा पाठ आहे. उत्तर येतं ४ कोटी ८० लाख.

उठून पाणी प्यावं.

एवढे जमवायला ८ टक्के परताव्याने महिन्याला सुमारे ५५ हजार गुंतवावे लागतात. गंमत म्हणजे तुमचा सगळा घरखर्चच ४० हजार आहे. नवशिके इथे फाइल बंद करतात. मुरलेला माणूस परताव्याच्या रकान्यात जातो. ८ च्या जागी १२ लिहिलं की हप्ता २९ हजारांवर येतो. १५ लिहिलं की १७ हजार. १८ लिहिलं, तर १० हजारांतच काम भागतं! १८ कुठून येणार असं कोणी विचारलं तर शेजाऱ्यांच्या मेहुण्याचं नाव सांगावं. त्यांना एका वर्षी मिळाले होते. त्यापुढच्या वर्षाबद्दल ते बोलत नाहीत.

परतावा याहून ताणवेना, तर आयुष्य कमी करावं. आजोबा ७१ व्या वर्षी गेले, हे प्रमाण मानावं. आजी ९४ पर्यंत ठणठणीत होत्या, हा अपवाद समजावा. तुमच्या मागे जोडीदाराची वीसेक वर्षं उरतात, त्यासाठी बहुतेकांच्या तक्त्यात रकानाच नसतो. तुम्हीही ठेवू नका, आकडा बिघडतो.

तरी तूट राहिली तर राहता फ्लॅट गुंतवणुकीत धरावा. तो विकल्यावर राहायचं कुठे, यासाठी वेगळी फाइल करावी. खासगी नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीची पेन्शन जाड अक्षरांत मांडावी. १५,००० च्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षांची नोकरी धरली, तर ती महिना साडेसात हजार बसते आणि महागाईबरोबर वाढत नाही. दीड लाखाच्या गरजेपुढे हा आकडा जाड अक्षरांतच दिसतो.

आता बेरीज जुळली असेल. फाइलला ‘निवृत्ती_अंतिम’ नाव द्यावं आणि पुढच्या पगारवाढीपर्यंत उघडू नये.

ज्यांना खरोखरच म्हातारपणी पैसे लागणार आहेत, त्यांच्यासाठी ही पद्धत नाही. त्यांनी परतावा ८ च ठेवावा, आयुष्य ९० धरावं, आजी मोजाव्यात, आणि ५५ हजार झेपत नसतील तर झेपतील तेवढ्यांनी याच महिन्यात सुरुवात करून दर पगारवाढीला हप्ता वाढवावा. नॉमिनीचं नावही भरून टाका.