औट हाताचा तोल

"अहो, तुम्ही हल्ली बोलायचं असलं की चालताना थांबता," बायको म्हणाली.

मी सुखावलो. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या वक्तृत्वाला मिळालेली ही पहिलीच दाद. मुरलेला वक्ता नेमक्या शब्दाआधी थांबतो, मग सभा कान टवकारते वगैरे मी तिला शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी थांबूनच समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "काल 'भेंडी संपली का' हे विचारायलाही थांबला होतात."

पुढे गुडघ्याच्या निमित्ताने फिजिओथेरपिस्टकडे जाणं झालं. नातीच्या वयाची मुलगी. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. मी परेडला आल्यासारखा करून दाखवलं. "छान. आता हेच करताना शंभरातून सात-सात वजा करत या. मोठ्याने."

वजाबाकी? मला? "त्यापेक्षा औटकी म्हणतो," मी उठून चालायला लागत म्हणालो.

"औटकी म्हणजे?"

आता या पिढीला पावकी-निमकी माहीत नसते हे कबूल, पण औटकी? साडेतीनचा पाढा! आजोबांनी अंगणात उभं करून घोकून घेतलेला. सात औटे साडेचोवीस, नऊ औटे साडेएकतीस, झोपेतून उठवा, चुकणार नाही. आणि मराठी माणसाचं तर सगळं साडेतीनातच बसतं. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन. पेशवाईत शहाणेसुद्धा साडेतीनच. नाना फडणवीस राज्य चालवायचे, पण तलवारबहाद्दर नव्हते म्हणून लोकांनी त्यांना अर्ध्यावर बसवलं. (अर्धा शहाणा म्हणून घ्यायलाही नानाच व्हावं लागतं. आमच्याकडे मला पावकीतही धरत नाहीत.) औट घटकेचा राजा म्हणतात त्याचं राज्य किती? घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं. एवढंच काय, माणसाचा देहही ज्याच्या त्याच्या हाताने औट हातच...

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही थांबलात."

खरंच थांबलो होतो. अर्ध्या वाटेत, एक हात भिंतीला. तिच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच होतं.

मग तिने मला खुर्चीत बसवून (बसल्यावर मला सगळं समजतं) सांगितलं. चालणं आपोआप होतं असं आपल्याला वाटतं, पण वय वाढतं तसे डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि तळव्यांची जाणीव, सगळेच थोडे थोडे ढिले पडतात. मग पाय कुठे टाकायचा हे मेंदूच्या पुढच्या भागाला लक्ष घालून बघावं लागतं. त्यात गप्पा किंवा हिशेब आला की लक्ष वाटून द्यायचं, आणि वाटून द्यायला पूर्वीइतकं शिल्लक नसतं. स्वीडनमधल्या काही संशोधकांनी १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं: वृद्धाश्रमातल्या ५८ जणांना चालता चालता बोलतं केलं, तर १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा पडले.

माझं वक्तृत्व त्या बारांत जमा झालं.

पडण्याची भीती नाही मला. हाड मोडेल, बसवतील. मला राग येतो फुटपाथचा. दर पावसाळ्याआधी उखडायचा, नवे पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र उंची द्यायची. तरुणपणी हे दिसलंच नव्हतं. तेव्हा पाय आपले आपण बघून घ्यायचे.

आणि एक गोष्ट उशिरा लक्षात आली. संध्याकाळी फिरताना बायको मध्येच गप्प होते. मला वाटायचं रुसली. नीट पाहिलं तर औषधाच्या दुकानापुढची उखडलेली फरशी, सिग्नल, पायरी, नेमक्या याच जागी ती बोलत नाही. अर्धं वाक्य तोंडात धरून ठेवते आणि पलीकडे पोचलो की "...तर मग वहिनी म्हणाल्या," असं पुढे सुरू. म्हणजे केव्हापासून ती माझ्यासाठी वाक्यं अशी हातात घेऊन रस्ता ओलांडतेय, कोण जाणे. विचारायचा धीर झाला नाही.

काल मात्र राहवलं नाही. औषधाच्या दुकानापुढे मी मुद्दाम औटकी सुरू केली. चालत्या पायांनी, न थांबता. पाच औटे साडेसतरा, सहा औटे एकवीस...

तिने माझं कोपर गच्च धरलं. "गप्प चला हो."

हे सांगायला ती थांबली होती.