सेन्सरच्या नावानं चांगभलं

जुनी गाडी विकायला निघाली की तिचं चारित्र्य रातोरात धुतल्या तांदळासारखं होतं. पहिला मालक डॉक्टर, गाडी घर ते दवाखाना एवढीच फिरलेली, टायर नवे, विमा चालू. अशी पुण्यात लाडात वाढलेली एमएच-१२ दौंड तालुक्यातल्या भांडगावात येते, चावी फिरते आणि डॅशबोर्डावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं पिवळं ‘एबीएस’ उमटतं, ते विझायचं नाव घेत नाही. विकणारा जराही न दचकता म्हणतो, “काही नाही हो, सेन्सर असंल.” भोवती जमलेले जाणकार माना डोलावतात. ज्याला तोंड नाही आणि जो चाकाचा वेग टिपत चाकामागं अंधारात बसलेला आहे, त्याच्यावर आळ घेणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ब्रेकच्या दिव्याची चौकशी करताना सेन्सर हा शेवटचा संशयित असावा. आपल्याकडे तो पहिला असतो, आणि बहुतेक वेळा एकटाच असतो.

मुळात लागलेला दिवा परवडला, न लागणारा दिवा वाईट. हँडब्रेक सोडून चावी ‘ऑन’ केली की ब्रेकचा लाल आणि एबीएसचा पिवळा हे दोन्ही दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत. ती त्यांची हजेरी असते. हजेरीलाच गैरहजर असलेला दिवा बहुधा काढलेला असतो. आता कोणी म्हणेल, गाडीला एबीएसच नसेल तर दिवा लागणार कुठून? बरोबर आहे. आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते २०१९ पासून. त्याआधी स्वस्तातल्या मॉडेलांना ते बहुधा नसेच. पण त्याचा निकाल बोनेट उघडून लागतो. मास्टर सिलिंडरकडून आलेल्या आणि चाकांकडे जाणाऱ्या बारीक नळ्या विजेचं सॉकेट लावलेल्या एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात घुसलेल्या दिसल्या, तर एबीएस आहे. ठोकळा आहे आणि दिवा लागतच नाही, म्हणजे डॉक्टरांच्या गाडीवर शस्त्रक्रिया झालेली आहे.

लाल दिव्याचं प्रकरण तर आणखी साधं, म्हणूनच आणखी दुर्लक्षित. हँडब्रेक पुरता खाली गेलेला नसतो, त्याचा स्विच अडकलेला असतो, किंवा ब्रेक ऑइल खुणेच्या खाली आलेलं असतं. यावर ठरलेला उपाय म्हणजे वरून ऑइल ओतायचं, की दिवा गप्प. पण ब्रेक ऑइल काही इंजिन ऑइलसारखं जळत नाही. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि तेवढं ऑइल त्यांच्यामागं जाऊन बसतं, म्हणून पातळी उतरते. नाहीतर ते कुठंतरी गळत असतं. दोन्ही वेळा दिवा खरं बोलत असतो आणि आपण त्याच्या तोंडात ऑइल ओततो. लाल आणि पिवळा दोन्ही मिळून लागले, तर मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकची वाटणी करणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. मग वाद घालू नये, गाडी उभी करावी.

आता यावर हमखास येणारा आक्षेप: “स्कॅनर मारला, त्यात सेन्सरच आला की!” स्कॅनर सेन्सरचं नाव घेतो, पण तोच बिघडलाय असं म्हणत नाही. ‘सी००३५’ असा कोड आला, तर त्याचा अर्थ पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाची खबर नीट येत नाही, एवढाच. खबर का येत नाही, ते त्याला ठाऊक नसतं. सेन्सरसमोर दात्यांची किंवा चुंबकाची एक कडी चाकाबरोबर फिरते. मधलं अंतर एखाद्या मिलिमीटरच्या आसपास. त्या फटीत ब्रेकची लोखंडी भुकटी चिकटते, दौंड-शिरूरची काळी माती लिंपली जाते, कडीला तडा जातो, बेअरिंग ढिलं होतं. ऊस आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यात उंदरांना तर तारांचं वावडं नाहीच. यातलं काहीही झालं तरी कोड तोच. म्हणून आधी फ्यूज आणि बॅटरी, मग सॉकेट उपसून आतला गंज, मग वायर, मग फट, असं पाहत जावं. स्कॅनरवर चारी चाकांचे वेग लावून गाडी वीसच्या वेगानं चालवली आणि तीन चाकं वीस दाखवताना चौथं ‘वीस, शून्य, चौदा’ असं बरळू लागलं, की पत्ता सापडला. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा रोध मीटरवर बहुधा हजार ओहमच्या आगेमागे येतो. नव्या पद्धतीच्या सेन्सरला तसला मीटर लावूच नये. त्याच्या सॉकेटात वीज पोचते का ते पाहावं. मोबाइलला जोडायचं स्वस्त यंत्र बऱ्याचदा इंजिनाच्या पुढं वाचतच नाही. ते ‘दोष नाही’ म्हणालं म्हणून पेढे वाटू नयेत.

दुसरा आक्षेप भारदस्त आहे: “आमच्या वडिलांनी ॲम्बेसिडर कसलंही एबीएस नसताना चालवली.” चालवली, मान्य. एबीएस नसलं तरी साधा ब्रेक लागतोच, हेही मान्य. मोकळ्या खडीवर तर एबीएसवाली गाडी थोडी लांब जाऊन थांबते. पण तिचं स्टिअरिंग हातात राहतं, आणि मुद्दा तिथंच आहे. गळीत हंगामात रात्री यवतहून चौफुल्याकडे येताना, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची दुहेरी ट्रॉली समोर उगवली, की नुसतं थांबून भागत नाही, वळावंही लागतं. चाकं जाम झालेली गाडी वळत नाही, सरळ उसात जाते. आणि वडिलांच्या वेळचा महामार्ग शंभरच्या वेगानं धावत नव्हता.

राहता राहिला पैशांचा हिशोब. तपासणीला वेळ जातो, त्यापेक्षा सेन्सर बदलून टाकू, असं म्हणणारे गैर नाहीत, फक्त घाईत आहेत. सॉकेटचा गंज काढायला स्प्रे आणि अर्धा तास लागतो. सेन्सर बदलूनही दिवा तसाच राहिला, तर पैसे जातात आणि खरा गुन्हेगार मोकळाच. तेव्हा मिस्त्रीला सेन्सरची किंमत विचारण्याआधी एवढंच विचारा: काय मोजलं आणि किती आलं? उत्तरात आकडा असेल तर खुशाल पैसे मोजा. उत्तरात नुसतंच “सेन्सरच हाय ओ” असेल, तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्या, तीही हळू.